उबिय्वोव्क : एका दुर्मीळ युक्रेनी आडनावाच्या शोधात मदत हवी आहे

सूर्यफूल

नमस्कार मंडळी. माझं आडनाव वाघमारे. २०१८ ते २०२२ मी युक्रेनमधल्या पोल्तावा शहरात एमबीबीएस करत होते. आमच्या वाचनालयात एक मावशी बसायच्या. त्यांच्या टेबलावरच्या पाटीवर आडनाव होतं 'उबिय्वोव्क'. पहिले सहा महिने मला ते नीट वाचताही आलं नाही. मग भाषेच्या तासाला 'व्होव्क' म्हणजे लांडगा हे शिकले, पुढे कधीतरी 'उबिती' म्हणजे ठार मारणं हेही कळलं, आणि एका संध्याकाळी पुस्तक परत करताना एकदम उलगडलं: लांडगेमारे!

मोडक्यातोडक्या भाषेत मी मावशींना सांगितलं, की माझ्या आडनावाचा अर्थ 'वाघ मारणारे' असा आहे. त्यांनी चष्मा काढून ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मग आपण नात्यातल्याच की." त्या दिवसापासून त्या माझी ओळख 'माझी भारतातली भाची' अशी करून द्यायच्या. मार्च २०२२ मध्ये निघाले तेव्हा स्टेशनवर डबा घेऊन आल्या होत्या.

मावशी अजून पोल्तावातच आहेत, फोनवर बोलणं होतं. त्यांच्या आजोबांबद्दल घरात कुणालाच फारसं माहीत नाही. कोबेल्याकीच्या बाजूचे होते, एवढंच. कागद युद्धात गेले. शिवाय आडनाव सांगितलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, "म्हणजे ल्याल्याच्या घरातल्या का?" तर तसंही नाही.

मला तीन गोष्टी कळून घ्यायच्या आहेत. हे आडनाव आलं कुठून? आज ते कुठे कुठे सापडतं? आणि त्याचा माग काढायचा तर सुरुवात कुठून करायची?

---

व्युत्पत्ती_वेडा

व्वा, काय सुंदर जोडी आहे! अर्थाचं सांगतो, बाकीचं जाणकार सांगतील.

'उबिय' हा आज्ञार्थ आहे, म्हणजे 'ठार कर'. वाक्यात म्हणायचं तर 'उबिय व्होव्का' असं म्हणावं लागेल, कारण लांडगा इथे कर्म आहे. आडनावात तो शेवटचा 'आ' गळून पडला आणि दोन शब्द एक झाले. म्हणजे शब्दशः अर्थ 'लांडगेमारे' नाही, 'मार-लांडगा' असा आहे. आपण क्रियापद शेवटी ठेवतो म्हणून वाघ आधी आणि मारणं नंतर. तिकडे क्रियापद आधी येतं, तेही हुकूम सोडल्यासारखं. ही घडण युरोपात बऱ्याच ठिकाणी दिसते. इटलीत 'बेव्हिलाक्वा' (पाणी पी), चेक लोकांत 'नेयेज्ख्लेबा' (भाकरी खाऊ नको). युक्रेनमध्ये तिचं पीक सगळ्यात जोमदार आलंय असं माझं मत आहे. 'नेपिय्वोदा' म्हणजे पाणी पिऊ नको, 'झातुलिव्हितेर' म्हणजे वारा अडव, आणि माझं सर्वांत आवडतं 'नेतुदिखाता', म्हणजे घर तिकडे नाही.

आता 'व्होव्क'. हा शब्द आपल्याला परका नाही. संस्कृत 'वृक' आणि हा 'व्होव्क' एकाच मुळातून निघालेले. भीमाला वृकोदर म्हणतात तो हाच लांडगा. रशियनमध्ये 'वोल्क' राहिलं, युक्रेनीमध्ये व्यंजनाआधीच्या 'ल'चा 'व' झाला, तोही ओठांतून सुटणारा, जवळजवळ 'उ'. हा बदल नियमाने झालेला आहे. 'दीर्घ'चा भाऊबंद रशियनमध्ये 'दोल्गी', युक्रेनीमध्ये 'दोव्ही'. 'पूर्ण'चा भाऊबंद तिथे 'पोल्नी', इथे 'पोव्नी'. तेव्हा आडनावात 'व्होव्क' दिसतंय म्हणजे ते युक्रेनी बोलणाऱ्यांच्या तोंडी घडलेलं आहे, ही पहिली खूण पक्की.

---

मोडीवाचक

हे झापोरोझ्येच्या कझाकांचं (कॉसॅक, म्हणजे माळावरचे स्वतंत्र लढवय्ये) आडनाव असणार. नीपर नदीच्या खालच्या अंगाला कझाकांची जी 'सिच', म्हणजे तटबंदीची छावणी, होती, तिथे येणाऱ्याला जुनं नाव टाकून नवं घ्यावं लागे. पळून आलेला कूळ असो, कर्जबुडवा असो की सरदाराचा मुलगा, सोबती त्याला नाव ठेवत आणि तेच पुढे चाले. द्मित्रो याव्होर्नित्स्की (१८५५–१९४०) या इतिहासकाराने आयुष्यभर हेच गोळा केलं. त्याच्याकडे 'उवेची लीख', 'चाक हरव', 'शेपटी वर कर' अशा अर्थाची नावं आहेत. १६३९च्या सुमाराला कझाकांचा एक हेतमान, म्हणजे सरसेनापती, होता, त्याचं नाव कार्पो पिव्तोराकोझुखा, म्हणजे 'दीड कातडी कोट'.

यातली गंमत अशी की नाव बरेचदा उलटं ठेवलं जाई. धिप्पाड गड्याला 'मालूता' (चिमुकला), बुटक्याला 'माखिना' (अगडबंब). तेव्हा मावशींचा मूळपुरुष लांडगा मारणारा होता की लांडग्याचं नाव काढताच पळणारा, हे आडनावावरून सांगता यायचं नाही.

---

नीपरकाठ

मी अकरा वर्षं द्निप्रोमध्ये नोकरीला होतो, सासुरवाडही तिकडचीच. मोडीवाचक, तुम्ही दिलेली माहिती बरोबर आहे, पण निष्कर्ष जरा घाईचा वाटतो. तिकडेही विचित्र आडनाव दिसलं की लोक लगेच म्हणतात "आमचे पूर्वज सिचमधले." सिच १७७५ साली रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिच्या सैन्याने उद्ध्वस्त केली. तिथे राहणारे बहुतेक अविवाहित पुरुष. मग एवढी आडनावं गावोगाव कशी पसरली?

कारण नावं ठेवायचं काम गावंही करत होती. आजही युक्रेनच्या खेड्यात कागदावरचं आडनाव वेगळं आणि 'पो-वुलिच्नोमू', म्हणजे गल्लीत चालतं ते, वेगळं. अर्ध्या गावाचं आडनाव शेव्चेंको किंवा कोवालेंको असल्यावर दुसरं करणार काय? माझ्या सासऱ्यांना कागदोपत्री नावाने विचारलंत तर शेजारचं पोर तुम्हाला घर दाखवणार नाही. गल्लीतलं नाव सांगितलंत तर हात धरून नेईल. अशी गल्लीतली नावं अधूनमधून दफ्तरात शिरतात आणि आडनाव होऊन बसतात. 'आडनाव' या आपल्या शब्दातही तेच आहे ना, मुख्य नावाच्या आडचं नाव.

एक सावधगिरी. युक्रेनीमध्ये 'प्रिझ्विश्चे' म्हणजे आडनाव आणि 'प्रिझ्विस्को' म्हणजे टोपणनाव. रशियनमधला 'प्रोझ्विश्चे' मात्र टोपणनाव. जुने कागद वाचताना यात भलेभले फसतात.

कझाकांचा संबंध मी नाकारत नाही. पोल्तावा ही कझाकांच्या एका रेजिमेंटची जागा होती. पोलंडशी झालेल्या झ्बोरिव्हच्या तहानंतर १६४९ साली जी नोंदवही केली, तिच्यात सोळा रेजिमेंटचे चाळीस हजारांहून जास्त कझाक नावानिशी आहेत. हे कझाक सिचमधले ब्रह्मचारी नव्हेत, घरदार, शेत, गुरं असलेले. गवताळ माळ, थंडीत मेंढरांवर येणारे लांडगे. तिथे 'लांडगा मार' हे नाव पडायला सिच कशाला लागते? म्हणून माझा कौल साध्या अर्थाला.

---

रानवारा

फार माहिती मिळतेय. पण एक शंका. वाघमारे आपल्याकडे कितीतरी समाजांत आहेत, एकमेकांशी नातं नसलेले. ज्या गावात वाघ होता तिथे वाघमारे झाले असतील. मग उबिय्वोव्कही चार गावांत चार वेळा स्वतंत्रपणे जन्मलं असेल की. सगळे एकाच घराण्यातले कशावरून?

---

नीपरकाठ

रानवारा, नेमका प्रश्न! दुर्मीळ आडनाव म्हटलं की लोक एक मूळपुरुष धरून चालतात. कोवालेंको, म्हणजे लोहाराचा मुलगा, हजार गावांत हजार वेळा घडलं हे सगळ्यांना पटतं. उबिय्वोव्कच्या बाबतीत मात्र एकच गोष्ट शोधली जाते. नाव विरळ असलं तरी दोन-तीन मुळं असू शकतात. हे ठरवायचं तर १८६१च्या आधीचे कागद बघायचे. तोवर भूदासांना हलता येत नव्हतं, कझाक शेतकरीही सहसा जमीन सोडत नसत. त्या काळात नाव एकाच तालुक्यात गोळा झालेलं दिसलं तर एक मूळ, दूरदूर दिसलं तर अनेक.

---

चेंडूफळी

थोडं अवांतर, पण राहवत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये मोल्दोव्हाच्या शेरीफ तिरास्पोलने रेआल माद्रिदला त्यांच्या मैदानावर २-१ असं हरवलं, आठवतंय? त्या संघाचे प्रशिक्षक युरी वेर्निदुब हे युक्रेनी. 'दुब' म्हणजे ओकचं झाड. वर दिलेल्या नियमाने 'वेर्नी-दुब' म्हणजे 'ओक उलथ' का? काही महिन्यांनी युद्ध सुरू झालं तेव्हा हा माणूस संघ सोडून मायदेशी सैन्यात भरती झाला होता. मला त्याचं फार कौतुक आहे.

---

व्युत्पत्ती_वेडा

@चेंडूफळी, अगदी बरोबर. आणि हे नाव लोककथेतही आहे. कोतिहोरोश्को नावाच्या वीराची गोष्ट युक्रेनी मुलं लहानपणी ऐकतात. त्यात त्याला वाटेत भेटणारे बलदंड गडी म्हणजे वेर्निहोरा (डोंगर उलथणारा), वेर्निदुब (ओक उलथणारा) आणि क्रुतिवुस (मिशा पिळणारा). म्हणजे आज्ञार्थी नावं फक्त चेष्टेची नव्हती, पराक्रमाचीही होती. उबिय्वोव्क मी याच रांगेत बसवेन. याबाबत मी मोडीवाचकांशी असहमत आहे.

---

माणदेशी

मीही अवांतर करते. युक्रेनमध्ये 'लोबोदा' आडनाव बऱ्यापैकी आढळतं, कझाकांचा एक हेतमानही त्या नावाचा होऊन गेला. लोबोदा म्हणजे आपला चाकवत! आपण ताकातली भाजी करतो तीच वनस्पती. तिकडे १९३२-३३च्या भीषण उपासमारीत, ज्याला ते 'होलोदोमोर' म्हणतात, लोकांनी लोबोदाची पानं पिठात मिसळून दिवस काढले. हे कळल्यापासून चाकवताची जुडी हातात घेतली की मला ते आठवतं.

---

टोरांटोकर

मी कॅनडात असतो. इथे युक्रेनी वंशाचे लोक भरपूर, त्यामुळे उत्साहाने स्थानिक वंशावळीच्या गटात विचारलं. एकालाही उबिय्वोव्क माहीत नाही. आश्चर्य वाटलं. एवढे युक्रेनी इथे असताना एकही नाही?

---

नीपरकाठ

त्यात आश्चर्य नाही, उलट ती चांगली खूण आहे. कॅनडात गेलेले पहिले युक्रेनी १८९१ साली निघाले ते गालिसियाच्या एका खेड्यातून, आणि नंतरची लाटही मुख्यतः गालिसिया आणि बुकोविनातून, म्हणजे तेव्हाच्या ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या पश्चिम युक्रेनमधून गेली. पोल्तावा रशियन साम्राज्यात होतं. तिथले लोक पश्चिमेला गेले नाहीत, पूर्वेला गेले.

पोल्तावाच्या माणसाला शोधायच्या जागा या. पहिली कुबान, काळ्या समुद्राच्या पूर्वेचा प्रदेश. १७९२ साली काळ्या समुद्राच्या कझाकांना तिथे जमीन मिळाली आणि १८०९ पासून पोल्तावा आणि चेर्निहिव्ह भागातले हजारो कझाक सरकारने तीन लाटांत तिकडे हलवले. दुसरी अतिपूर्व. १८८३ पासून ओदेसाहून व्लादिवोस्तोकला बोटी भरभरून शेतकरी जात, त्यांत पोल्तावा, चेर्निहिव्ह आणि कीव्ह हे तीन प्रांत सर्वांत पुढे. त्या भागाला युक्रेनी लोक 'झेलेनी क्लिन', हिरवा पाचर, म्हणत. तिसरी कझाकस्तान आणि सैबेरिया. १९०६ नंतर रशियाचे पंतप्रधान स्तोलिपिन यांच्या शेतजमीन सुधारणांमुळे काही स्वतःहून गेले, १९३०च्या सुमाराला 'कुलाक', म्हणजे श्रीमंत शेतकरी, ठरवून अनेकांना जबरदस्तीने नेलं.

आता प्रसाराच्या नकाशांबद्दल. इंटरनेटवर युक्रेनी आडनाव घातलं की जिल्हावार ठिपके दाखवणाऱ्या साइट आहेत. बघा जरूर. पण ते ठिपके या शतकातल्या माणसांचे. मधल्या काळात होलोदोमोर झाला, आणि त्यात तेव्हाचे कीव्ह आणि खारकिव्ह प्रांत सर्वाधिक होरपळले. पोल्तावा तेव्हा खारकिव्ह प्रांतातच होतं. एखाद्या खेड्यात आज ठिपका नाही याचा अर्थ ते आडनाव तिथे नव्हतं असा होत नाही. कदाचित ते घर तिथेच संपलं असेल. मोठ्या औद्योगिक शहरातला जाड ठिपका म्हणजे फक्त 'नोकरीसाठी आले' एवढंच.

---

मोडीवाचक

नीपरकाठ, साध्या अर्थाबद्दलचं तुमचं म्हणणं पटलं. मी जरा भारावून लिहिलं होतं. आता हे ल्याल्या प्रकरण काय ते कुणी सांगेल का? धागाकर्तीने ओझरता उल्लेख केलाय.

---

सूर्यफूल

मी सांगते. माझ्या जाण्यायेण्याच्या वाटेवर तिचं नाव होतं.

ओलेना उबिय्वोव्क, घरचं लाडाचं नाव ल्याल्या, म्हणजे बाहुली. १९१८ साली पोल्तावात जन्मली, खारकिव्ह विद्यापीठात शिकत होती. सप्टेंबर १९४१ मध्ये जर्मन सैन्याने पोल्तावा घेतलं. तिने आणि तिच्या दोस्तांनी भूमिगत गट उभा केला. नाव ठेवलं 'नेस्कोरेना पोल्तावचांका', म्हणजे न झुकलेली पोल्तावाकन्या. सगळी विशीच्या आगेमागेची पोरं. रेडिओवर बातम्या ऐकून पत्रकं लिहायची, युद्धकैद्यांना पळायला मदत करायची. मे १९४२ मध्ये गेस्टापोने त्यांना पकडलं, छळ केला आणि २६ मे रोजी गोळ्या घातल्या. ती २३ वर्षांची होती. तुरुंगातून घरी लिहिलेली तिची पत्रं आहेत. १९६५ साली तिला मरणोत्तर 'सोव्हिएत संघाचा वीर' हा किताब मिळाला. ओलेस होंचार यांनी १९४७ मध्येच तिच्यावर 'झेम्ल्या हुदे' ही कादंबरिका लिहिली होती.

त्यामुळे हे आडनाव संख्येने विरळ असूनही पोल्तावात अनोळखी नाही. मावशी म्हणायच्या, "शाळेत माझं नाव घेतलं की बाई आधी माझ्याकडे निरखून बघायच्या." ल्याल्याशी नातं नाही हे सांगताना त्यांचा आवाज खाली जायचा. मला ते तेव्हा कळलं नाही, आता कळतं.

---

नीपरकाठ

सूर्यफूल, वाचून गलबललो. आता शोधाचं बोलू, कारण तिथे तुम्ही नक्की अडखळणार.

एक म्हणजे व्याकरण. या आडनावाला स्त्रीलिंगी रूप नाही. बाईचं असलं तर ते कोणत्याही विभक्तीत बदलत नाही. पुरुषाचं मात्र बदलतं: 'उबिय्वोव्का', 'उबिय्वोव्कू'. त्यामुळे चर्चच्या वहीत 'अमुक उबिय्वोव्काचा मुलगा' अशी नोंद दिसली की नवखा माणूस 'उबिय्वोव्का' हे वेगळं आडनाव समजून पान उलटतो.

दुसरं, रशियन कारकून. दफ्तर रशियनमध्ये लिहिलं जाई. ऐकलं तसं लिहिणारा 'उबिय्वोव्क' लिही, अर्थ कळणारा हुशार कारकून त्याचं 'उबेय्वोल्क' करून टाकी. दोन्ही बघा.

वह्यांबद्दल. चर्चच्या 'मेट्रिक' वहीत दर वर्षाचे तीन भाग असतात: जन्म, लग्न, मृत्यू. वही दोन प्रतींत होई, एक गावच्या चर्चमध्ये राही आणि दुसरी वरच्या धर्मकार्यालयात जाई. म्हणून एक जळली तरी दुसरी शोधायची. त्याच्या मागे जायचं तर जनगणनेसारख्या 'रेविझिया' याद्या आहेत, त्यांतली शेवटची १८५८ची. आणखी मागे रुम्यांत्सेव्हची पाहणी, १७६५ ते १७६९. तिच्यात घर, माणसं, बैल, डुकरं, सगळं मोजलेलं आहे. तिचा मोठा भाग कीव्हच्या केंद्रीय ऐतिहासिक अभिलेखागारात फोंद (संग्रह) ५७ खाली आहे. कोबेल्याकीच्या बाजूचे आजोबा असतील तर आधी आजोबांच्या जन्माचं साल आणि गाव पक्कं करा. गावाचं चर्च कळल्याशिवाय एकही वही उघडू नका, वर्षं फुकट जातील.

---

व्युत्पत्ती_वेडा

यात एक भर. युक्रेनीमध्ये शब्दाच्या सुरुवातीचे 'उ' आणि 'व' एकमेकांची जागा घेतात. आधीचा शब्द स्वरान्त असेल तर 'व', व्यंजनान्त असेल तर 'उ', बोलायला सोपं जावं म्हणून. 'ठार कर'साठी 'उबिय' आणि 'व्बिय' दोन्ही चालतात. म्हणजे आडनावही 'व्बिय्वोव्क' असं लिहिलेलं सापडेल. कागदावर ते आता दोन वेगळी आडनावं, कारण आडनावातला 'उ' आपल्या मर्जीने बदलता येत नाही. पण अठराव्या शतकातल्या लिहिणाऱ्याला तो फरक वाटलाही नसेल. आणि वर्णमालेत 'व' तिसरा, 'उ' चोविसावा. सूचीत एकाच घरातले दोन भाऊ दोन टोकांना असतील.

---

टोरांटोकर

रोमन लिपीतही तेच. २०१० च्या सरकारी नियमाप्रमाणे पासपोर्टवर ते यू-बी-वाय-आय-व्ही-ओ-व्ही-के असं येतं. जुन्या कागदांवर रशियन उच्चारावरून आय-वाय असं उलटं. मी दोन्ही घालून पुन्हा शोधतो, आणि 'व'ने सुरू होणारंही.

---

सूर्यफूल

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री मावशींना फोन केला. वीज आली तेव्हा बोलणं झालं, तासभर. तुमचं सगळं सांगितलं. वृकोदराची गोष्ट दोनदा सांगायला लावली.

गल्लीतलं नाव काय होतं ते विचारलं. आधी म्हणाल्या काही नव्हतं. मग थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, गावाकडची एक म्हातारी त्यांच्या वडिलांना 'चाबान्चूक' म्हणायची. चाबान म्हणजे मेंढपाळ, म्हणजे 'मेंढपाळाचं पोर'. नीपरकाठ, तुमचा माळ, मेंढरं आणि लांडगे खरे ठरताहेत असं वाटतं.

आणि 'व'चं ऐकल्यावर त्या उठून कपाटाकडे गेल्या. वडिलांचा सैन्यातला एक कागद त्यांच्याकडे आहे, जपून ठेवलेला. आजवर त्यांना वाटायचं की त्यावर लिहिणाऱ्याची चूक झाली आहे, म्हणून तो कुणाला दाखवलाच नव्हता. फोनसमोर धरून त्यांनी मला एकेक अक्षर वाचून दाखवलं. पहिलं अक्षर 'व' आहे. खाली गावाचं नावही आहे, अर्धं पुसलेलं. उद्या उजेडात फोटो काढून पाठवणार आहेत. आला की इथेच टाकते.